आमच्या घरातला उलटा फू

आमच्या थोरल्या मुलीची मातृभाषा चिनी आहे. हे मी म्हणत नाही, शाळेचा फॉर्म म्हणतो. आम्ही राहतो सिंगापुरात, आणि इथल्या शाळेत 'मातृभाषा' नावाचा एक विषय असतो. घरी आईशी तुम्ही कुठल्या भाषेत भांडता याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. चिनी, मलाय आणि तमिळ या मानाच्या तीन. मग भारतीय मुलांच्या सोयीसाठी हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू. ती यादी मी तीन वेळा वाचली. गुजराती आहे, मराठी नाही. १९६० साली हा प्रश्न आपण एकदाचा मिटवला होता, अशी माझी समजूत होती.

बायको म्हणाली, "हिंदी घे, सगळे घेतात." मी म्हणालो, दुसऱ्याचीच भाषा घ्यायची तर पुरती दुसऱ्याची घेऊ. रीतसर अर्ज करून चिनी घेतली. हे बाणेदार वाक्य मी बोललो तेव्हा मला चिनीतला एकच शब्द येत होता, आणि तो चिनी आहे हेही ठाऊक नव्हतं. तो शब्द म्हणजे चहा.

इथे 'कियासू' नावाची एक चीज आहे. होक्कियन बोलीतला शब्द, अर्थ हरायला भिणारा. शेजाऱ्याने पोराला एक शिकवणी लावली की आपण दोन लावायच्या, हा कियासू माणसाचा धर्म. मी स्वतःला त्यातला समजत नव्हतो. पण एकदा लिफ्टमध्ये चार वर्षांचं एक पोर आईला चिनी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत खोटं सांगताना ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याच संध्याकाळी मी शब्दकार्डांचा संच घेऊन घरी आलो.

जगातल्या सगळ्या भाषा सफरचंदापासून सुरू होतात, असं हे संच छापणाऱ्यांचं ठाम मत दिसतं. 'फिंग-कुओ', सफरचंद. थोरलीने कार्ड पाहिलं, धाकट्याने चाखलं. मग मी फ्रीजवर फ्रीज, दारावर दार आणि आरशावर आरसा असे शब्द चिकटवत सुटलो. महिन्याभरात आरशाला चिनीत 'चिंग-त्स' म्हणतात एवढं पाठ झालं, तेही मला. कारण कार्ड ओढून काढताना आरशाला बोटभर तडा गेला आणि त्यावरून जे बोलणं झालं ते विसरण्यासारखं नव्हतं.

उच्चारांचा घोळ वेगळाच. रोमन लिपीत चिनी लिहितात तेव्हा 'बी' लिहून 'प' म्हणायचं असतं आणि 'पी' लिहून 'फ'. 'डी' म्हणजे 'त', 'टी' म्हणजे 'थ'. रोमन लिपीत प आणि फ यांच्यासाठी वेगळी अक्षरं नाहीत म्हणून हा सगळा द्राविडी प्राणायाम. आपली देवनागरी हे काम बसल्या जागी करते. शिवाय चिनी माणसाकडे तीन वेगवेगळे च आहेत, आणि त्यावर इथले गोरे पालक घाम गाळत असतात. आपल्या 'चिंच' या एवढ्याशा शब्दात त्यांतले दोन आहेत, पहिला चिमणीतला आणि दुसरा चाकातला. थोरलीच्या वर्गात हा च ज्या सहजतेने फक्त तिला जमला, त्याचं श्रेय बाई तिला देतात. ते खरं चिंचेला द्यायला हवं.

राहिले सूर. चिनीत एकच अक्षर चार सुरांत म्हटलं की चार शब्द होतात. पुस्तकं हे 'मा' घेऊन शिकवतात. मा म्हणजे आई, ताग, घोडा आणि रागावणे. मुलांना ताग कळेना. मलाही तो सातवीच्या भूगोलानंतर कुठे भेटलेला नाही. शेवटी आम्हाला आमचा शब्द सापडला. आमच्या दहिवडीला, माण तालुक्यात, आईला लांबून हाक मारताना शेवटची ई आखडते आणि 'आय' उरतं. हा आय चिनीतही आहे. सरळ ताणून म्हटला की दुःख. प्रश्न विचारल्यासारखा वर नेला की सोसणे. खाली बुडवून वर काढला की बुटकी. आणि ठासून खाली आणला की प्रेम. मी हे फोनवर आईला सांगितलं. तिची उंची चार फूट दहा इंच. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्यांनी मला बघितलंय का कुठं?"

आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. सदतीस वर्षं तिने पहिली-दुसरी सांभाळली. २०२५च्या जानेवारीत ती आमच्याकडे आली ती सामानात तिळगुळाचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि 'शेजारच्या आजींना' म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन. घड्याळात विठोबा होता आणि सेकंदकाट्याच्या टोकाला तुळशीचं पान.

शेजारच्या आजी म्हणजे समोरच्या दारातल्या. एकट्या राहतात. मुलं त्यांना 'फो-फो' म्हणतात, म्हणजे आजीच. आमचा कार्डांचा उद्योग त्यांनी उघड्या दारातून बरेच दिवस पाहिला होता. चिनी नववर्षाला आठवडा उरला तसं त्यांनी एक लाल चौकोनी कागद आणून थोरलीच्या हातात दिला. त्यावर सोनेरी शाईत मोठं अक्षर, 'फू'. फू म्हणजे भाग्य, सुख. थोरलीने तो दारावर लावला आणि फो-फोंनी तो काढून उलटा लावला. मग दोघी खदखदून हसल्या. मला काही कळलं नाही. यातली कोटी कळायला मला थोरलीची शिकवणी लावावी लागली. 'ताओ' म्हणजे उलटा आणि 'ताओ' म्हणजे आला. येणारा-जाणारा म्हणणार, अरे, तुमचा फू उलटा झालाय! आणि ऐकू येणार, तुमच्याकडे सुख आलंय.

सूर सोडले तर चिनी भाषेचा सगळा संसार जेमतेम चारशे ध्वनींवर चालतो. एवढ्या भांडवलात एवढी मोठी भाषा चालवायची म्हणजे एकेका ध्वनीला दहा-दहा घरची कामं करावी लागतात, आणि मग कोट्या टाळायच्या म्हटलं तरी टळत नाहीत. आपल्याकडे कोटी करणाऱ्याला संमेलनाला बोलावतात, हे लोक तिला दारावर टांगतात आणि ताटात वाढतात. 'य्वी' म्हणजे मासा आणि 'य्वी' म्हणजे शिल्लक, म्हणून वर्षअखेरीच्या जेवणात मासा असतो आणि तो मुद्दाम थोडा उरवतात. मुलांना सणाच्या खेळांतून शब्द शिकवा, असं पालकांना सांगत फिरणारे तज्ज्ञ मला तेव्हापासून जरा गरीब वाटतात. चिन्यांचा सण हाच मुळात शब्दांचा खेळ आहे. आपण फक्त गडी म्हणून उतरायचं आणि हरायचं.

आई मात्र या खेळात उतरलीच नव्हती. ती पहाटे पाचला उठायची, दार उघडायची, उलटा फू पाहायची आणि सरळ करायची. शाळा सुटल्यावर थोरली तो उलटा करायची. "वर्गातला तक्ता कोणी उलटा लावला तर चालेल का?" हा आईचा मुद्दा. तीन दिवस हा प्रकार चालला. चौथ्या दिवशी फो-फोंनी तो पाहिला, पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं असणार, या लोकांकडे सुख रोज येतं आणि रोज जातं.

त्याच आठवड्यात आईने घड्याळ दिलं. छान कागदात बांधून, वर हळदीकुंकू लावून. फो-फोंनी उघडलं आणि त्यांचा चेहरा विठोबासारखा काळाठिक्कर पडला. दोन क्षण त्या काही बोलल्या नाहीत. मग आत गेल्या, डॉलरचं एक नाणं आणलं आणि आईच्या हातावर ठेवून मूठ मिटली. आईला राग आला. "भेटीचे पैसे देतात का कधी?" रात्री थोरलीने उलगडा केला. घड्याळ म्हणजे 'चुंग', आणि शेवट म्हणजेही 'चुंग'. घड्याळ भेट देणं आणि म्हाताऱ्या माणसाला शेवटचा निरोप देणं, या दोन्हींचा उच्चार तंतोतंत एक. नाणं देऊन त्यांनी ती भेट खरेदीत बदलून घेतली होती. आई रात्रभर तळमळली. तिच्या सदतीस वर्षांच्या नोकरीत एवढं मोठं शुद्धलेखन चुकलं नव्हतं.

आमचा पहिला यशस्वी खेळ या शरमेतून जन्माला आला. नाव 'द्यावं का देऊ नये'. सोफ्यावर वस्तू मांडायच्या, एकाने चिनी नाव घ्यायचं, दुसऱ्याने ती वस्तू पाहुण्याला द्यायची किंवा झाकून ठेवायची. घड्याळ झाकायचं. नाशपाती वाटून खायची नाही, कारण 'फन-ली' म्हणजे नाशपाती वाटणे आणि ताटातूट होणे. पुस्तक द्यायचं नाही, कारण 'शू' म्हणजे पुस्तक आणि 'शू' म्हणजे हार. हा शेवटचा नियम धाकट्याला इतका पटला की अभ्यासाचं पुस्तक समोर धरलं की तो अजून कानावर हात ठेवून पळतो. सफरचंद मात्र द्यावं. त्याच्या नावातला 'फिंग' म्हणजे शांतीही. मी चिकटवलेल्या कार्डाने महिन्याभरात जे केलं नाही ते या एका 'द्यावं'ने दोन मिनिटांत केलं.

संत्र्यांचं प्रकरण आईला सर्वांत आधी उमगलं. इथे नववर्षाला कोणाकडे जाताना दोन संत्री घेऊन जायची, आणि निघताना यजमान तुम्हाला दोन संत्री देतात. मी म्हणालो, "याला काय अर्थ आहे? आपापली संत्री घरीच ठेवली तर?" आईने माझ्याकडे नापास मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "दसऱ्याला तू आपट्याची पानं देऊन काय आणायचास? आपट्याचीच पानं ना?" खरंच की. आणि कँटोनीज बोलीत संत्रं आणि सोनं यांचा उच्चार एकच आहे. म्हणजे त्यांचं फळ सोनं, आपलं पान सोनं, आणि दोन्हीकडे बाजारभाव न विचारता देवघेव.

पाकिटांवर मात्र तिने माघार घेतली नाही. मुलांना लाल पाकिटात पैसे द्यायचे, त्याला इथे 'आंग-पाव' म्हणतात. रक्कम सम हवी. विषम आकडा अंत्यविधीचा. आईच्या मते मात्र आहेर म्हणजे अकरा, एकवीस, एक्कावन्न. वरचा एक नसेल तर तो आहेर नव्हे, हिशेब. समोरासमोर दोन संस्कृती उभ्या ठाकल्या, एक म्हणते सम, एक म्हणते विषम. शेवटी तिने फो-फोंच्या नातवासाठी दहा डॉलर पाकिटात घातले आणि पाकीट दिल्यावर एक नाणं वेगळं त्याच्या तळहातावर ठेवलं. पाकीट सम, नातू विषम. मला वाटतं ते नाणं तेच होतं, घड्याळाचं.

चारचा आकडा तर कुठल्याच पाकिटात घालायचा नाही. 'स्स' म्हणजे चार, जरा वेगळ्या सुरात मरण. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. घर बघायला आलो तेव्हा दलाल आमच्याशी इतका अदबीने का वागत होता, ते मला त्या दिवशी कळलं.

आकड्यांवरून आठवलं. सुट्टीच्या दुपारी आम्ही हौजी काढली. चिनी नववर्षाला घरोघर पत्ते आणि माजोंग चालतं, आपली हौजी त्यात खपून गेली. थोरलीने आकडे पुकारायचे, चिनीत. आधी सराव म्हणून तिने एक ते दहा म्हटलं, "ई, अर, सान, स्स, वू, ल्यो, छी, पा, च्यो, श." आई म्हणाली, "ई काय, छी काय, एवढी किळस कशाची येतीय हिला?" पण मग तिने लक्षपूर्वक ऐकलं आणि तिच्यातली बाई जागी झाली. चिनीत दहापर्यंत आलं की शंभरपर्यंत आल्यातच जमा. अकरा म्हणजे दहा-एक, एकवीस म्हणजे दोन-दहा-एक, एकोणसत्तर म्हणजे सहा-दहा-नऊ. २०१९ साली आपल्या बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला होता. आई तेव्हा विरोधात होती. गावातल्या पारावर उभं राहून तिने 'त्रेचाळीसचा खून होऊ देणार नाही' अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं होतं. आता तिच्यासमोर तिची नात 'ल्यो-श-च्यो' पुकारत होती आणि पाच वर्षांचा धाकटा तिकिटावरचा ६९ बरोबर खोडत होता.

"एकोणसत्तर म्हण," आई त्याला म्हणाली.

"एकोण... सात?"

"एकोणसत्तर."

त्याने जरा विचार केला. "आज्जी, जे सत्तर नाहीच, त्याला सत्तर का म्हणायचं?"

त्यावर आईने हौजीचा नियम बदलला. चिनीत पुकारायचं, पण रेघ जिंकल्याचं बक्षीस हवं असेल तर खोडलेले आकडे मराठीत वाचून दाखवायचे. त्या दुपारी एकही बक्षीस गेलं नाही. मलाही मिळालं नाही. मी एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांच्यात पडलो.

संक्रांत होऊन आठवडा गेला होता तरी तिळगुळाचा डबा अर्धा शिल्लक होता. घड्याळाची भरपाई म्हणून आईने तो फो-फोंकडे नेला, थोरलीला दुभाषी करून. फो-फोंच्या ओट्यावर चुलीचा देव आहे, छोटासा, लाल कागदावरचा. हा देव वर्षभर स्वयंपाकघरात बसून घरातलं सगळं ऐकतो आणि वर्ष संपता संपता वर जाऊन देवांच्या राजाला अहवाल देतो. म्हणून तो निघायच्या दिवशी त्याच्यापुढे तिळाची, माल्टची चिकट मिठाई ठेवतात. तोंडाला लागली तर गोड बोलेल, दात चिकटले तर बोलणारच नाही. फो-फोंनी लाडू हातात घेऊन विचारलं, हे काय? थोरलीने जसं जमलं तसं भाषांतर केलं, हे खायचं आणि मग चांगलं बोलायचं. फो-फो बघतच राहिल्या. मग त्यांनी दोन लाडवांतला एक उचलला आणि त्या देवासमोर ठेवला. आम्ही गोड बोलायची विनंती करतो, ते बंदोबस्त करतात, एवढाच फरक.

परत आल्यावर आई दाराशी थांबली. फू सरळ होता, सकाळी तिनेच केलेला. तिने तो उलटा केला आणि आत गेली.

नववर्षाचा पहिला दिवस २९ जानेवारीचा, सर्पवर्षाचा. त्या दिवशी केर काढायचा नाही, नाहीतर घरातलं नशीब केरासोबत जातं. दिवेलागणीला केर काढू नये हे आईला मान्य. पण अख्खा दिवस? तिने झाडूकडे जितक्या वेळा पाहिलं तितक्या वेळा मी परीक्षेत पुस्तकाकडे पाहिलं नसेन. संध्याकाळी आम्ही तिला चायनाटाउनची रोषणाई दाखवायला नेलं. जिकडेतिकडे कागदी साप, हसरे, गुबगुबीत. "शिराळ्याच्या नागपंचमीला असले साप कोणी धरणार नाही," असा तिचा शेरा पडला. तिथल्या पाटीवर चिनी नाव होतं, 'न्यो-छ-श्वे', आणि थोरलीने ते फोडून सांगितलं. न्यो म्हणजे बैल, छ म्हणजे गाडी, श्वे म्हणजे पाणी. पूर्वी या वस्तीला बैलगाडीने पाणी यायचं म्हणून हे नाव. आई चमचमत्या दुकानांच्या मधोमध उभी राहिली. "म्हणजे आपली दहिवडीच की," ती म्हणाली. "फक्त आपल्याकडं टँकर."

तिथून घरी येऊन य्वी-शंग केलं. तो सिंगापूर-मलेशियाकडचा प्रकार. मोठ्या ताटात किसलेलं गाजर, मुळा, पापनस, दाण्याचा कूट, तीळ, प्लमची चटणी, कुरकुरीत पापड्या आणि कच्चा मासा. सगळ्यांनी चॉपस्टिक घेऊन ते एकदम उंच उधळायचं आणि एकेक शुभेच्छा ओरडायची. जितकं उंच तितकी भरभराट. आमच्याकडे माशाच्या जागी कागदाचा मासा, आणि पापड्या कमी पडल्या म्हणून बायकोने शेव घातली. आईने चव घेतली. "भेळ आहे. पण भेळवाला हे ताटात ठेवून करतो." भरभराट पंख्यापर्यंत गेली होती, आणि केर काढायला बंदी. गाजराचा कीस दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आम्ही श्रद्धेने तुडवत होतो.

आई गेल्यावर खेळांना उतरती कळा लागली, पण सण थांबेनात. चैत्राच्या सुमारास, त्यांच्या छिंग-मिंगच्या दिवशी लोक पूर्वजांच्या समाध्या झाडायला जातात. त्याचा खेळ कसा करायचा ते सुचेना. तेव्हा फोनवरून आईने सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणिसांची गोष्ट सांगितली, शाळेत सांगायची तशीच. १९३८ साली डॉक्टरांच्या पथकाबरोबर ते चीनमध्ये गेले, तिथेच लग्न केलं आणि १९४२च्या डिसेंबरात तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. चिनी लोक त्यांना 'ख ती-हुआ' म्हणतात आणि या दिवसांत शिच्याच्वांगमधल्या त्यांच्या समाधीवर फुलं वाहतात. त्यांच्या मुलाचं नाव 'इन-हुआ' ठेवलं होतं. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्या दिवशी दोनच शब्द झाले.

त्यांच्या सातव्या महिन्यात भुतं सुटतात. आपला पितृपक्षच, फक्त कावळ्याच्या जागी नाचगाणं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मंडप पडतो आणि गाण्यांचा कार्यक्रम होतो. मी मुलांना घेऊन गेलो तर पहिली रांग रिकामी. मराठी माणसाला नाटकाला फुकटात पहिली रांग कधी मिळाली आहे? मी ऐसपैस बसलो. मागून फो-फो धावत आल्या आणि त्यांनी आम्हाला दंडाला धरून उठवलं. पहिली रांग भुतांसाठी राखीव असते. 'कुए' म्हणजे भूत, हा शब्द धाकट्याला कुठलंही कार्ड न दाखवता आला. तो घरभर विचारत होता, "बाबा, आपण कोणाच्या मांडीवर बसलो होतो?"

आणि मग ऑक्टोबरात आई परत आली, तेव्हा आकाशानेच खेळ मांडून ठेवला होता. चिनी लोकांचा मध्यशरद सण त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला. एरवी ती बहुतेक आपली भाद्रपदातली पौर्णिमा असते, कोजागिरीच्या महिनाभर आधी. पण २०२५ साली त्यांच्याकडे अधिक मास पडला, सहावा महिना दोनदा झाला, आणि त्यांची पौर्णिमा घसरत आपल्या आश्विनावर आली. दोन्ही सण ६ ऑक्टोबरला. अधिक मास त्यांच्याकडेही असतो हे कळल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "मग जावयाला काय देतात?" थोरलीने फो-फोंना विचारलं. त्यांना मुलगीच नाही.

त्या रात्री आमच्या आणि फो-फोंच्या दारांमधल्या गॅलरीत स्टूल मांडून आम्ही दूध आटवून ठेवलं आणि फो-फोंनी युए-पिंग, म्हणजे चंद्राचे केक. आईने एक मधोमध कापला. आतून बदकाच्या अंड्याचा खारा बलक तिच्याकडे बघत होता. तो त्या लोकांचा चंद्र. तिने सुरी खाली ठेवली. फो-फोंनी न बोलता दुसरा केक पुढे केला, नुसत्या कमळबियांच्या सारणाचा. तो त्यांनी वेगळा आणून ठेवला होता.

या सणाला कंदिलांना कोडी बांधायची रीत आहे. आमच्याकडे दिवाळीचा आकाशकंदील होता, आणि कोडी घालायला आई. चिठ्ठीवर तिने स्वतः रचून लिहिलं, "पंधरा दिवस जेवण, पंधरा दिवस उपास, पोटात ठेवलाय ससा, फिरतोय सावकाश." थोरलीने ते फो-फोंना कसंबसं समजावलं. पंधरा दिवसांपर्यंत त्यांचा चेहरा कोरा होता. ससा म्हटल्याबरोबर त्यांनी वर बोट केलं. चंद्रावर ससा आहे यावर दोन्ही आज्यांचं एकमत होतं. आपण चंद्राला शशी म्हणतो तो त्या सशामुळे, आणि चिन्यांनी २०१३ साली चंद्रावर जी गाडी उतरवली तिचंही नाव 'युथू', जेडचा ससा. वाद झाला तो ससा काय करतो यावर. फो-फोंचा ससा खलबत्त्यात औषध कुटतो. आईचा नुसता बसलेला आहे. "आपला निवृत्त झालाय," आई म्हणाली.

मग सगळ्यांनी आग्रह केला म्हणून आईने उखाणा घेतला. मधल्या जागी बाबांचं नाव होतं, ते मी इथे देत नाही, त्यांना छापून आलेलं आवडायचं नाही:

"मराठीत म्हणतात चंद्र, चिनीत युए-ल्यांग,
अमुकरावांच्या चहात आलं, वेलची आणि लवंग."

फो-फोंना त्यातले दोनच शब्द कळले, युए-ल्यांग आणि चहा. त्यांनी टाळ्या मात्र पूर्ण उखाण्याच्या वाजवल्या.

आई आता गावी आहे. जाताना तिने फो-फोंकडून एक फू मागून नेला आणि दहिवडीच्या घराच्या दारावर लावला, उलटा. परवा व्हिडिओ कॉलवर तिने दार दाखवलं तर तो सरळ होता.

"आई, अगं, सरळ झालाय की."

"शेजारची करती," आई म्हणाली. "पहाटे दूध घालायला येती, तेव्हा करून जाती. तिला वाटतं, मास्तरीणबाईंना आता दिसत नाही."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"सांगीन की. अजून चारच दिवस झालेत." आणि तिने कॅमेऱ्यासमोरच तो काढून उलटा केला.